आणखी घट्ट

कुंदाताईंना बसलेलं मी फार कमी पाहिलं. चहा उभ्याने, पेपर उभ्याने, फोन तर स्वयंपाकघर ते मागची बाल्कनी अशा चकरा मारत. घरात सोफा होता, त्यावर इस्त्रीचे कपडे बसायचे. पाहुण्यांना त्या कपडे सरकवून जागा द्यायच्या आणि स्वतः चौकटीला टेकून, या पायावरून त्या पायावर भार टाकत उभ्या राहायच्या. पाहुण्याला वाटे, आता निघावं. कुंदाताईंनाही बहुधा तेच वाटत असे.

बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीत त्या तळमजल्यावर, मी बरोबर त्यांच्या डोक्यावर. उभी नोकरी त्यांनी एका कारखान्याच्या तपासणी विभागात काढली. आलेला माल मोजायचा आणि पास किंवा नापास म्हणायचं. मी एका कंपनीत खरेदी बघते. म्हणजे आमचं जन्माचं वैर. "खरेदीवाल्यांना स्वस्त दिसतं, आम्हाला वाकडं दिसतं," हे त्यांनी पहिल्याच भेटीत माझ्या हातातल्या नव्या बादलीकडे बघत ऐकवलं. बादली खरंच वाकडी होती.

निवृत्त झाल्यावर त्यांनी लाकूडकामाचा छोटा लेथ घेतला आणि मागच्या बंद बाल्कनीत बसवला. लाकूड मशीनमध्ये पकडलं की ते गरगर फिरतं. समोरच्या लोखंडी पट्टीवर, म्हणजे टूल रेस्टवर, पटाशी टेकवून ते कातायचं. लाटणी, वाट्या, भोवरे निघायचे. "जगात उभ्याने करायचं एवढं एकच काम शिल्लक आहे," त्या म्हणायच्या. मी म्हटलं, पोळ्याही उभ्यानेच करतात. "त्यात माल गोल झाला नाही तरी पास करावा लागतो."

मशीन चालू करण्याआधी त्या लाकूड एकदा हाताने फिरवून बघत, कुठे रेस्टला लागतं का. मग रेस्ट घट्ट आहे ना, हे वरून हाताची मूठ दाबून बघत. "बटण शेवटी." ही सवय इतकी मुरली होती की टेबलफॅनचं पातंही त्या आधी बोटाने फिरवत.

मग उजव्या हाताला कंप सुटला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. त्याने पेला हिंदकळायचा कमी झाला, पूर्ण थांबला नाही. आणि एका दुपारी पटाशी अडकून अर्धी झालेली वाटी मशीनमधून उडाली, खिडकीची काच फोडून वाळत घातलेल्या माझ्या चादरीत जाऊन पडली. कुंदाताईंना काही झालं नाही. पण मुलगा अभय हिंजवडीहून रात्रीच आला.

"आई, मशीन विकायचं."

"वीक ना. आणि मग मी दिवसभर काय करू?"

"बस जरा."

हे तो चुकीचं बोलला. कुंदाताई मशीनवरचा भुसा झाडायला लागल्या. शेवटी ठरलं असं: दिवाळीत तो सुट्टीवर येईल. त्याच्यासमोर त्यांनी एक लाटणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत कातून दाखवायचं. जमलं तर मशीन राहील, नाहीतर गिऱ्हाईक बघायचं. तोवर मी शेजारी उभी असेन तरच बटण दाबायचं.

मग सुरू झाली आमची पटाशीच्या मुठींची आणि रेस्टची खरेदी. मशीनबरोबर आलेली रेस्ट वीतभर होती. ती लाकडाच्या लांबीप्रमाणे सारखी सरकवावी लागे, आणि दर वेळी थांबणं कुंदाताईंच्या स्वभावात नव्हतं. म्हणून बोहरी आळीतल्या हत्यारांच्या दुकानातून हातभर लांबीची आणली. तिला आधार मधोमध एकच, त्यामुळे टोकाला पटाशी टेकवली की ती थरथरायची. "माझ्या हाताला जोडीदार नकोय," म्हणून ती परत. मधल्या मापाची एक मी शोधली, जरा जाड. दोनदा सरकवली की लाटणं होत होतं. तिला त्यांनी नाक मुरडलं, पण ठेवली.

मुठींचं आणखी अवघड. दुकानातल्या सगळ्या आखूड. आखूड मुठीला जोर मनगटाचा लागतो, आणि मनगट तर त्यांचं ऐकत नव्हतं. एका दुकानात त्या प्रत्येक दांडा कमरेला लावून, पुढे रोखून बघू लागल्या.

"बाई, लढाईला निघालात का?" दुकानदाराने विचारलं.

"हो. मुलाशी."

शेवटी बाभळीची लांब मूठ त्यांनी स्वतःच कातली. मी शेजारी उभी होतेच. तिचं टोक कमरेशी दाबून धरलं की पटाशी हलत नसे. हात नुसता दिशा दाखवायचा, कापायचं काम पाय करायचे. जन्मभर या पायावरून त्या पायावर झुलणारी बाई आता तशीच झुलत होती आणि पटाशी लाकडावरून सरळ रेषेत सरकत होती. भुसा लांब कुरळ्या सालींसारखा निघाला. मी म्हटलं, जमलं. त्या म्हणाल्या, "बघू."

दिवाळीत अभय आला. कुंदाताईंनी मला चौकटीपाशी उभं केलं. "तू हात लावायचा नाहीस. नाहीतर म्हणेल, दोघींनी मिळून केलं."

त्यांनी लाकूड पकडलं. रेस्ट जवळ आणली, तिची लिव्हर आवळली, लाकूड हाताने फिरवलं, हाताची मूठ रेस्टवर दाबली. रेस्ट सरकली. पुन्हा आवळली. बोटं लिव्हरवरून घसरत होती. दाबलं. पुन्हा सरकली. अभय उडालेल्या वाटीच्या बाजूला, म्हणजे खिडकीकडे बघत होता. त्याच्या काही लक्षात आलं नव्हतं. माझ्या आलं. इतके दिवस आम्ही कापणाऱ्या हाताचा विचार केला होता. रेस्ट मात्र दर वेळी मीच बदलत होते आणि मीच आवळत होते.

कुंदाताईंनी माझ्याकडे पाहिलं. बटण दाबलं असतं तर कदाचित निभावलंही असतं. त्यांनी भिंतीतली पिन उपसली.

"नापास."

"अगं, काय झालं? सुरूच कुठे केलंस?"

"त्या दिवशी पटाशी माझ्या हाताने अडकली नव्हती. रेस्ट सरकली होती. मला ती घट्ट करता येत नाहीये." एवढं बोलून त्या आत जाऊन सोफ्यावर, कपड्यांवरच, बसल्या. अभय घाबरला. मीसुद्धा.

"मी देतो घट्ट करून," तो म्हणाला.

"रोज? हिंजवडीहून? तू पोचेपर्यंत संध्याकाळचा चहा होईल माझा."

"मी वरच राहते," मी म्हटलं. "सकाळी कामावर जाताना आवळून जाईन."

अभयने विचारलं, "आणि रेस्ट सरकवायची झाली तर?"

"दुसऱ्या दिवशी," कुंदाताई म्हणाल्या. हे त्यांच्या तोंडून ऐकून तो हसलाच. मशीन राहिलं.

तेव्हापासून रोज सकाळी डबा आणि पर्स सोफ्यावर टाकून मी लिव्हर आवळायची. त्या मुठीने दाबायच्या. "आणखी." मी आवळायची. "आणखी घट्ट." माझी बस चुकायची. मग एकदाचं "पास". रेस्ट जिथे आवळली तेवढाच भाग त्या दिवशी कातायचा. अर्ध्या तासाचं लाटणं तीन-तीन दिवस चालायचं. उरलेल्या वेळात त्या घरभर फेऱ्या मारायच्या आणि मशीनकडे रागाने बघायच्या. पण माझ्या माघारी त्यांनी लिव्हरला एकदाही हात लावला नाही. संध्याकाळी मी मुद्दाम बघायची.

गेल्या मार्चमध्ये कुंदाताई गेल्या. हृदयविकाराचा झटका, ओट्याशी उभ्या असताना. दुसरं काही शोभलंही नसतं.

दिवस झाल्यावर अभय घर आवरायला आला. मशीन तो स्वतःकडे नेणार होता. त्यात एक लाटणं तसंच पकडलेलं होतं, एक बाजू गुळगुळीत, दुसरी खडबडीत.

"हे अर्धंच राहिलंय," तो म्हणाला.

"उरलेलं दुसऱ्या दिवशीचं होतं."

त्याने रेस्ट काढायला लिव्हर धरली. हलेना. दोन्ही हातांनी ओढून पाहिली, पाय भिंतीला लावून पाहिला. कपाळावर घाम आला.

"मावशी, किती घट्ट केलंय हे!"

"तुझ्या आईने पास केलंय," मी म्हटलं. "सरक."