ड्रायव्हरच्या उजवीकडचा माणूस

रिकामी गाडी चालवता न येणारा ड्रायव्हर जगात एकच झाला, आणि तो माझ्या आईच्या मोठ्या बहिणीचा नवरा. आम्ही त्यांना मोठेबाबा म्हणतो. माणसांनी खचाखच भरलेली गाडी ते काळ्या मातीच्या चिखलातून, वरातीतून, सुटलेल्या बैलबाजारातून न थांबता काढत. पण गाडीत कोणी नसलं की दर्यापूरच्या सरळसोट रस्त्यावरही त्यांना घाम फुटायचा.

यात त्यांचा दोष नाही. त्यांची उमर दर्यापूर ते अकोला काळीपिवळी चालवण्यात गेली. आमच्याकडची काळीपिवळी म्हणजे सीटवर भाडं घेणारी जीप, आणि तिच्यात जागा संपली असं आजवर कोणी कोणाला सांगितलेलं नाही. पुढच्या सीटवर डावीकडे दोघं, त्यातल्या एकाच्या गुडघ्यांमध्ये गेअर, उजवीकडे दाराला लागून एक, आणि उरेल त्या जागेत मोठेबाबा. गेअर टाकायच्या आधी ते अदबीनं "मामा, जरा गुडघा" म्हणत. उजवीकडच्या माणसाचा मान मात्र वेगळा होता. दार गच्च धरून ठेवणं, वळताना हात बाहेर काढणं आणि मागून काय येतं ते सांगणं, ही कामं त्याची. तिकडे पाहण्याचं खातंच मोठेबाबांनी त्याच्या हवाली केलं होतं. त्यानं "निंगू द्या" म्हटलं की हे गाडी पुढे काढत. एकदा तिथे एक व्याहीबुवा लग्नाचं जेवून बसले आणि पेंगले. त्यांची मान खाली गेली, तो होकार समजून मोठेबाबांनी सरकीच्या ट्रकला ओव्हरटेक मारला. जीव वाचला. मोठेबाबांनी गाडी उभी करून व्याहीबुवांना फक्त एवढंच सांगितलं, "झोपणाऱ्यानं मांगं बसावं बाप्पा. हे ड्यूटीची जागा हाय."

काळीपिवळीच्या आधी त्यांच्याकडे एक जुनी जीप होती. ती ढकलल्याशिवाय चालू होत नसे आणि उतारावर लावली तर ढकलावी लागत नसे. आता आमच्या सपाट मुलखात उतार कुठून आणायचा? शकुंतलेच्या, म्हणजे आमच्या छोट्या रेल्वेच्या, फाटकाजवळ तेवढा एक चढ होता. मोठेबाबा गाडी तिथे ठेवत आणि सवाऱ्या घरून चालत तिथवर जात. कोणी कुरकुर केली की म्हणत, विमानालेबी लोकं चालतच जातात.

मी नववीतून शाळा सोडली आणि अठरा पूर्ण झाली तरी मी काय करावं हे घरात कोणालाच सुचत नव्हतं, मलाही नाही. पुण्यात एका म्हाताऱ्या जोडप्याला ड्रायव्हर हवा होता. ओळखीतून शब्द टाकलेला, अट एकच, दोन महिन्यांत लायसन घेऊन या.  मोठेबाबांनी मला स्टिअरिंगवर बसवलं आणि स्वतः बसले कुठे, तर माझ्या उजवीकडे, दार धरून. मला वाटलं शिकवायची रीत हीच असेल. ते "निंगू दे" म्हणायचे आणि मी निघायचो. हात उत्तम बसला. रस्त्याच्या कडेला कोणी उभं दिसलं की ब्रेकही आपोआप लागायला लागला.

अमरावतीला आरटीओ ऑफिसात लायसनची ट्रायल होती, गाडी आमचीच काळीपिवळी. आरटीओचे साहेब डावीकडे बसले. मी अर्ध्या सीटवर बसून उजवीकडे जागा सोडली आणि थांबून राहिलो. साहेब म्हणाले, "कोणाची वाट पाहून राह्यले?" मी गेअर टाकला आणि निघालो. ऑफिसच्या मागच्या रस्त्यावर एक बाई मेथीची टोपली घेऊन उभी होती. माझा पाय आपोआप ब्रेकवर. बाई मागचं दार उघडून टोपलीसकट आत आली आणि साहेबांच्या खांद्याला हात लावून म्हणाली, "भाऊ, थोडं समोर सरकता का?"

नापास. ऑफिसच्या फाटकाबाहेर मोठेबाबा उभे होते. मी रडत सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, गाडी झटका देऊन थांबली की सावकाश? सावकाश, म्हटलं. "मंग कशाले रडतं? बाई बसली म्हंजे तिले गाडी पसंत पडली."

पण दुसऱ्या दिवशीपासून ते मागच्या सीटवर बसू लागले. स्वतःच्या गाडीत मागे बसायची त्यांची ती पहिलीच वेळ. हात कुठे ठेवावे ते त्यांना समजेना. मी प्रत्येक वळणावर उजवीकडून आवाज येण्याची वाट पाहायचो, आणि मागून आवाज यायचा, "तिकडं आता कोनी नाई. तूच पाह्य."

पुढच्या ट्रायलला मी पास झालो आणि मुदत संपायच्या आत पुण्याला पोचलो. इथे मालकीणबाई कधीकधी विचारतात, तुम्ही दारापासून इतके लांब का बसता? मी सरकून बसतो. थोड्या वेळानं परत तसाच.

पुढे काळीपिवळी विकून मोठेबाबांनी अकोल्याच्या जुन्या शहरातून एक लहान लाल कार घेतली. ती एकट्यानं आणायची वेळ आली, तेव्हा मोर्णा नदीच्या पुलावर त्यांनी एका फूलवाल्याला आग्रहानं आत बसवलं. त्याला जायचं होतं पलीकडच्या चौकात. तो थेट दर्यापूरला जेवला. मग रोज शेजारी बसायची पाळी मोठीआईची, म्हणजे माझ्या मावशीची. ती म्हणते, मले बाजारात काही काम नसते, पण यांच्या शेजारी कोनीतरी लागते.

यंदा सुट्टीत गेलो तेव्हा त्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. डाव्यालाही अंधुकच. किल्ली त्यांनी स्वतःहून माझ्या हातात दिली आणि अकोल्याला दवाखान्यात चल म्हणाले. सवयीनं ते आधी उजव्या दाराशी गेले, हातानं सीट चाचपली. त्या कारमध्ये तिथे एकाच माणसाची जागा. मग फिरून डावीकडे येऊन बसले. वाटेत उभ्या असलेल्या दोन बायांना मी न सांगता घेतलं, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जरा तरतरी आली.

म्हैसांगच्या पुढे एक ट्रॅक्टर आडवा आला. मी उजवीकडे पाहिलं, आरशात पाहिलं, परत पाहिलं. ट्रॅक्टरच्या उजवीकडून रस्ता मोकळा होता. तरी मी थांबलोच होतो. मोठेबाबांना तिकडचं काही दिसत नव्हतं, हे मला माहीत होतं आणि त्यांनाही. त्यांनी आपल्या बाजूचं दार दोन्ही हातांनी गच्च धरलं आणि हळूच म्हणाले, "निंगू दे."

मी निघालो.