सोजराबाईचं माप

चौऱ्याण्णव साली सुरतेला प्लेग आला आणि इकडे बोईसरला, कारखान्याच्या फाटकापाशी चहा विकणाऱ्या सोजराबाईची गिऱ्हाइकं पळाली. ती सगळ्यांचे उष्टे ग्लास एकाच बादलीत विसळायची ना! आम्ही कामगारांनी ठरवलं, मावशीचा धंदा बुडू द्यायचा नाही. आपापली भांडी घरून न्यायची.

हावरट पुंजाराम तांब्याच घेऊन आला. सोजराबाईनं तांब्यात डोकावून पाहिलं, बादलीतला ग्लास उचलला, चहानं भरला आणि तांब्यात ओतला.

“मावशी, तो ग्लास कशाला?” पुंजाराम किंचाळला.

“मापाला! तांब्या तुझा, पण कटिंग माझी हाय.”

आम्हीही मुकाट कप पुढे केले. पुंजारामनं चहा संपवला आणि प्लेग होऊ नये म्हणून तोंडावर रुमाल परत घट्ट बांधला.