मांडीवरच्या चपला

मिरजगावला कबड्डीच्या अंतिम सामन्यात माझ्या शेजारी एक वयस्कर गृहस्थ बसले होते. स्वतःच्या चपला पायात होत्या, आणि गर्दीत तुडवला जाऊ नये म्हणून आणखी एक जोड त्यांनी मांडीवर धरला होता.

पाहुण्या संघाचा कप्तान चढाईला निघाला, की ते भडकायचे. "आरं, हात लाव की कुनाला तरी! नुसती रेष शिवून माघारी येतंय. असल्यानं कुटं फायनल जिंकत्यात व्हय?"

आसपासचे खो खो हसायचे, मीही हसायचो. कप्तान ना उडी मारायचा, ना कुणावर झेपावायचा. पण तो एकदाही पकडला गेला नाही.

"तुमच्या ओळखीचा आहे का?" मी विचारलं.

"न्हाई बा," ते मैदानाकडं बघतच म्हणाले.

शेवटच्या चढाईला कप्तानाचा संघ एका गुणानं पुढं होता. तो गेला, रेष शिवली, गुमान परतला. शिट्टी वाजली आणि त्याचा संघ जिंकला.

धुळीनं माखलेला कप्तान अनवाणी पायांनी गर्दीतून थेट आमच्यापाशी आला. माझं हसू कुठं लपवावं, मला कळेना.

"आबा, तुमचा आवाज लांबूनच वळखला मी," तो हसत म्हणाला. "द्या चपला."

आबांनी त्या त्याच्या हातात दिल्या नाहीत. ते खाली वाकले आणि दोन्ही चपला त्याच्या पायांपुढं सरळ करून ठेवल्या.

"आबा, काय करताय!" पोरगं झटकन मागं सरकलं.

आबा वाकलेलेच राहिले.