खोटकाढे मुलाखतीला बसतात

ऑफिसात त्यांना खोटकाढे म्हणत, आणि ते काही त्यांचं आडनाव नव्हतं. दुसऱ्यानं लिहिलेला प्रोग्राम समोर आला की ह्यांच्या अंगातच यायचं. "कुणी लिहिलंय हे? झोपेत होता का?" म्हणत चष्मा कपाळावर चढवायचे, आणि लिहिणारा बिचारा चहाच्या मशीनमागे दडायचा.

स्वतः खोटकाढे आयुष्यभर कोबोल ह्या जुन्या संगणकभाषेत प्रोग्राम लिहीत आलेले. सगळ्या कंपनीचा पगार त्यांच्याच प्रोग्राममधून निघायचा, त्यामुळे स्वारी जरा चढेलच होती. मग एक दिवस वरून फर्मान आलं: जुनी यंत्रणा बंद, यापुढे सगळं पायथनमध्ये. नव्या टीममध्ये एकच जागा आहे, मुलाखत द्या. ती हुकली तर राम राम, घरी बसा.

झालं! पन्नाशीला टेकलेले खोटकाढे जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून पायथन शिकू लागले. कोबोलमध्ये वाक्य संपलं की पूर्णविराम द्यायचा असतो, पायथनला तो खपत नाही. पण बोटांची सवय जाते थोडीच? बायकोला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी ती जाता येता म्हणायची, "अहो, परत दिलंत टिंब." खोटकाढे चिडायचे आणि गुपचूप टिंब पुसायचे. खरं सांगायचं तर मनातून ते पार घाबरले होते. ह्या वयात दुसरीकडे कोण विचारणार?

मुलाखत घ्यायला नव्या टीमच्या मॅडम. त्यांनी पडद्यावर पायथनमधला एक प्रोग्राम लावला आणि म्हणाल्या, "यात काय काय चुकलंय, सांगा."

हे म्हणजे मांजरापुढे दुधाची वाटी सरकवणं झालं. खोटकाढ्यांचा चष्मा कपाळावर गेला. "एकच बेरीज तीन-तीनदा? आणि ही नावं बघा, क एक, क दोन, क तीन. पोरं मोजतोय का हा? ह्या गाढवाला नोकरीवर घेतलं कुणी?"

"मग याचं करायचं काय?" मॅडमनी विचारलं.

"काय म्हणजे? ज्यानं हा घोळ घातलाय त्याचीच मानगूट धरून बसवा आणि पहिल्यापासून लिहून घ्या."

बोलता बोलता ते शेवटच्या ओळींपर्यंत आले आणि त्यांनी चष्मा झटकन कपाळावरून डोळ्यांवर ओढला. तिथे लिहिलं होतं: महिना फेब्रुवारी असेल तर पगार दोन दिवस आधी.

एका वर्षी मोठ्या साहेबांच्या मुलीचं लग्न फेब्रुवारीत निघालं, म्हणून तेवढ्यापुरती ही ओळ खोटकाढ्यांनीच घातली होती आणि मग काढायची विसरले होते. साहेब निवृत्त झाले, मुलीला पोरं झाली, तरी फेब्रुवारीचा पगार आपला लवकरच. तक्रार कोण कशाला करेल?

"तुमचाच प्रोग्राम आहे," मॅडम म्हणाल्या. "आम्ही तो ओळीला ओळ पायथनमध्ये उतरवला. बाकीचे उमेदवार म्हणाले, छान आहे."

खोटकाढ्यांचे कान तापले. इतकी लाज त्यांना जन्मात वाटली नव्हती. "तसा... इतका काही वाईट नाहीये हो," ते पुटपुटले.

"वाईटच आहे. मग सोमवारपासून तुम्ही आपणहून बसताय, की मानगूट धरायला कुणाला पाठवू?"