चोरीआधी आलेली चोरीची बातमी

वाचकहो, मन घट्ट करा. वाशीम जिल्ह्याच्या कायदा-सुव्यवस्थेला हादरवणारा गुन्हा आज प्रथमच उघड करतो आहे. कामरगावकडच्या एका खेड्यातून बसथांब्याची लोखंडी पाटी चोरीला गेली होती. पोलिसातल्या माझ्या नोकरीतले खुनांचे तपास आठवणीत अंधुक झाले. ही पाटी मात्र अजून डोळ्यांसमोर उभी आहे.

एके दिवशी दुपारी एका पत्रकाराचा ठाण्यात फोन आला. त्याला ईमेल आला होता : थांब्याची पाटी चोरीला, गावात संताप. छापण्याआधी पोलिसांचा दुजोरा हवा होता. मी बीट हवालदाराला पाठवलं. त्याने कळवलं, पाटी जागेवर आहे, संताप कुठेच दिसत नाही. आम्ही पोट धरून हसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस पाटलाची खबर आली, पाटी गेली.

पत्रकाराने त्याच माणसाचे जुने ईमेल दाखवले. गावाची बस बंद आहे, पोरींचं कॉलेज सुटत चाललंय, यावर बातमी करता का? पत्रकाराचं उत्तर ठरलेलं : हे सगळीकडेच आहे, काही वेगळं घडलं तर कळवा, आणि दुपारच्या आत कळवा, पान लवकर लागतं.

पाठवणारा शेतकरी ठाण्यात आणला. सराईत चोर आधी पाणी मागतो. याने आधी विचारलं, पोरीला कळलं का? ती कारंज्याला शिकत होती. बस सुरू झाली नाही, तर तिचं कॉलेजातून नाव काढावं लागणार होतं.

"पण पाटी काढायच्या आधीच मेल कायले केला रे?"

"पेपरवाल्यानंच सांगतलं ना साहेब, दुपारच्या आत पाठवा म्हून. आन् दिवसाढवळ्या पाटी कशी काढू? लोकं पाह्यतात."

पाटी त्याच्या कडब्याच्या गंजीत सापडली, पोत्यात गुंडाळलेली. वर नवा रंगही दिला होता. गाडी सुरू झाली की पुन्हा उभी करणार होता म्हणे.

या माणसाने खरं कितीदा तरी कळवलं, तेव्हा पडताळायला कोणी गेलं नाही. खोटं एकदाच कळवलं, तर पत्रकाराने फोन केला आणि मी हवालदार धाडला. तेव्हापासून कोणी खोटं बोलताना सापडला, की आधी विचारतो, याने खरं कोणाकोणाला सांगून पाहिलं होतं?

गुन्हा नोंदवावा लागेल, असं मी त्याला सांगितलं. वाटलं, पाया पडेल. तो ठाणे अंमलदाराच्या टेबलावर वाकून म्हणाला, "लिहा ना साहेब, पन गाडी बंद हाय हे पयले लिहा. ठान्यातली बातमी तं पेपरवाले रोजच नेतात!"