दोन मुलखांची बाग

हलीमाबीच्या हाताला ज्वारीचं पीठ लागलेलं, तव्यावरची भाकरी फुगायच्या बेतात, तेवढ्यात दार वाजलं. दारात नाक्यावरचा जळबा, धापा टाकत.

"चाची, चला लवकर. नवरी अडकली!"

"कुठं अडकली?"

"तेच तर कोणाला समजून न्हाई राहिलं!"

भाकरी उतरवून, डोक्यावर पदर ओढून ती त्याच्यामागं निघाली.

सेनगाव तालुका संपून वाशीम जिल्हा लागतो, तिथं हा नाका. पूर्वी निजामाचं राज्य इथंच संपायचं, म्हणून लोक अजूनही दोन बाजूंना दोन मुलूख म्हणतात. नाक्याच्या कडेला दोन गावांनी मिळून केलेली बाग आहे, अर्धी इकडे, अर्धी तिकडे. अकरा वर्षं ती हलीमाबीच राखते. पगार इकडच्या गावाचा, नळ तिकडचा. "माझ्या झाडांना परदेशातून पाणी येतं," असं ती ऐटीत सांगते.

बागेपुढं फुलांनी सजवलेली जीप उभी होती. कालच लग्न झालेली दिपा तिकडून इकडे सासरी निघालेली. नवरी शीव ओलांडताना शिवेच्या दगडावर नारळ फोडायचा, ही इथली रीत. नारळ तयार होता, दगडच सापडेना. नवऱ्याची आत्या पारुबाई नारळ काखेत मारून गाडीला आडवी उभी.

"दगडाबिगर नारळ न्हाई, नारळाबिगर नवरी न्हाई!"

"आक्का, बाराच्या आत उंबरा ओलांडायचाय," नवऱ्याचे वडील विश्वंभर काकुळतीला आले होते. "त्या जिल्ह्याच्या पाटीजवळ फोड की."

"पाटी सरकारची. शीव देवाची."

जीपमधून नवरीचा आवाज आला, "आत्याबाई, मी माहेरात हाय का सासरात, तेवढं सांगा. माहेरात असन तर भाकर मागते, सासरात असन तर लाजते."

सगळे हसले. हलीमाबी मात्र जास्वंदाआड सरकली. दगड कुठं आहे हे फक्त तिला ठाऊक होतं. तीन वर्षांमागं बाग सपाट करताना जेसीबीनं तो उपटला. परत कोणी रोवायचा यावर दोन गावं भांडली आणि दगड दोन पावसाळे चिखलात लोळला. एवढा सपाट, गुळगुळीत दगड! शेवटी तिनं तो ढकलत ढकलत घरी नेला; तेव्हापासून शीव ओलांडणारी नवरी ही पहिलीच. आता बोलावं तर चोर ठरू, बाग हातची जाईल. न बोलावं तर पोरगी उन्हात उपाशी.

"दगड माझ्या मोरीत हाय," ती बोलून गेली. "त्याच्यावर मी धुणं धुते."

पारुबाईनं कपाळाला हात लावला. "शिवेच्या देवावर लुगडी आपटते तू?"

"रोज आंघोळ घालते म्हणा की! चिखलातून मीच काढला ना? त्याची जागाबी मीच राखली. हे जास्वंद निशाणीलाच लावलं, बराबर त्याच जागी."

दोन्हीकडचे वऱ्हाडी जास्वंदाकडं वळून बघू लागले. मग पारुबाईलाच हसू फुटलं. "म्हंजे देव तुझ्याकडं मजेत व्हता म्हणायचा!"

चौघांनी दगड उचलून आणला, जास्वंदाच्या बुडाशी टेकवला. साबणाचा वास येत होता. पहिल्याच दणक्यात नारळ फुटला. दिपा उतरली, शीव ओलांडली आणि सासरी पाऊल पडताच लाजायचं विसरून खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला.

"हलीमाबी, लाज राखली तुमी," विश्वंभर म्हणाले. "सांगा, काय देऊ? लुगडं घेता?"

"लुगडं नको. हायेत तीच धुवायची राहिली. मला एक दगड आणून द्या, सपाट, रुंद. आजच्या आज."