बंद खिडक्यांचा सराव

समोरच्या फ्लॅटमधले काका दोन वर्षांपूर्वी लेकीकडे कॅनडाला कायमचे राहायला गेले. यंदा ते तिकडच्या लांबलचक हिवाळ्यापुरते बोरीवलीत आले, ते ॲलर्जीचं कौतुक घेऊनच. पन्नास वर्षं इथल्या बांधकामांच्या धुळीत एकदाही न शिंकलेला हा माणूस तिकडच्या परागकणांबद्दल मात्र पदवी मिळाल्यासारखं बोलतो. "अरे, तिकडे हवामानाबरोबर परागांचा आकडापण सांगतात!"

तिकडेही ते उठल्याउठल्या सगळ्या खिडक्या सताड उघडत आणि चादरी अंगणात वाळत घालत. त्यांच्या जोडीने तीन वर्षांची नातही शिंकायला लागली, तेव्हा लेकीने बजावलं, "बाबा, खिडक्या बंद ठेवून राहणार असाल तरच परत या."

परवा दुपारी त्यांच्याकडे गेलो. ऐन एप्रिलात खिडक्या घट्ट बंद आणि काका घामाने निथळत सोफ्यावर ताठ बसलेले.

"काका, वाट लागेल तुमची! उघडू का एक?"

"हात लावू नको!" काका एकदम मालवणीवर आले. "मंगळवारी विमान आसा. नातीबरोबर रवाचा तर सवय करूक व्हयी."

"किती वेळ झाला?"

"दीड तास," ते म्हणाले. "काल एकच तास जमलेलो."

मी घाम पुसत त्यांच्याशेजारी बसलो.